लांब सीटपोस्टची लचक: आधी शोधायची, मग काढायची

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, लचकतो ही तक्रार किनारपट्टीवर साधारण तिघांची असते. पहिले फोल्डिंग सायकलवाले: वीस इंची चाकं, बुटकी फ्रेम आणि ५५-६० सेंटिमीटरचा पोस्ट. दुसरे उंच लोक, ज्यांनी दुकानात शिल्लक होती म्हणून एक माप लहान फ्रेम घेतली. तिसरे म्हणजे घरातली शाळेची लेडीज सायकल चालवणारी मोठी माणसं, दांडी निघेल तेवढी वर काढून. तिघांचंही म्हणणं एकच, पाइप वाकतोय. आणि बऱ्याचदा तपासल्यावर कळतं की पाइप वाकत नाहीये, हलतोय.

हा फरक समजला की अर्धं काम झालं. लचक म्हणजे धातू भाराखाली किंचित वाकतो आणि भार काढला की जागेवर येतो. ढिलाई म्हणजे पोस्ट ताठच आहे, पण फ्रेमच्या आत किंवा सीटच्या पकडीत झुलतो. बसणाऱ्याला दोन्ही सारखंच जाणवतं. लचकीने फारसं बिघडत नाही. ढिलाईने फ्रेमचं तोंड खराब होतं, पोस्टला चर पडतात आणि कधीतरी चीर जाते. म्हणून क्रम असा ठेवा: ढिलाई काढा, मग बाहेरची लांबी कमी करा, मग जाड पोस्ट बघा, आणि यातलं काही जमत नसेल तरच आत नळी बसवायच्या भानगडीत पडा. नवखे नेमकं शेवटून सुरू करतात.

आधी मोजून घ्या

लागणारं सामान: व्हर्नियर, म्हणजे व्यास-जाडी मोजायचं साधन (नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे पोस्ट घेऊन जा, तो मिनिटात मोजून देईल), स्टीलची फूटपट्टी, एलन कीचा संच, रंगीत इन्सुलेशन टेप, दोन झिप टाय आणि बांबूची एक सरळ कामटी, साधारण दोन फूट.

फ्रेमच्या कॉलरला (तोंडावरच्या, पोस्ट आवळून धरणाऱ्या कडीला) लागून पोस्टवर टेपचा एक वेढा मारा, टेपची खालची कड कॉलरला बरोबर टेकवून. कॉलर आणि पोस्ट दोन्हींवरून मार्करने एक उभी रेघ ओढा. आता दहा-पंधरा किलोमीटर चालवून या. टेप कॉलरवर चढून चुरगळली, तर पोस्ट खाली सरकतोय. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला गेले, तर पोस्ट फिरतोय. दोन्ही बाबतींत दोष पकडीत आहे, पाइपात नाही.

मग सायकल भिंतीला टेकवा. एकाने सीटचं नाक आणि शेपूट धरून जोरात पुढे-मागे हलवायचं, दुसऱ्याने बोटाचं टोक असं ठेवायचं की अर्धं बोट फ्रेमवर आणि अर्धं पोस्टवर येईल. सांध्यात ‘टिक’ लागली तर ढिलाई. बोटाला काहीच लागलं नाही आणि वर सीट तरी हलतेय, तर तेच बोट सीटच्या रुळांवर, पोस्टच्या डोक्याशी न्या. तिथला एक बोल्ट सैल असला तरी बसणाऱ्याला पोस्ट लचकल्यासारखाच वाटतो. फोल्डिंग सायकलला तिसरी जागाही बघायची, फ्रेमची बिजागरी. बिजागरीत केसभर खेळ असला तर वर सीटवर तो दोन-तीन मिलिमीटर होऊन येतो.

खरी लचक मोजायला कामटी. ती सीट ट्यूबला (पोस्ट ज्यात जातो त्या फ्रेमच्या उभ्या पाइपाला) दोन झिप टायने घट्ट बांधा, वरचं टोक पोस्टच्या मागच्या बाजूने सीटच्या पकडीपर्यंत येऊ द्या. कामटी पोस्टला टेकू द्यायची नाही, आठ-दहा मिलिमीटर फट हवी. रिकाम्या सायकलवर फट मोजा. मग कुणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसा, पाय पायडलवर ठेवा, आणि पुन्हा मोजायला लावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची लचक. नुसतं बसल्यावर एक ते तीन मिलिमीटर फरक आला तर सामान्य समजा. पाचच्या वर गेला तर काहीतरी करावं लागेल. उतरल्यावर फट पहिल्या आकड्यावर परत आलीच नाही, तर पोस्ट कायमचा वाकलाय किंवा सरकलाय. तो काढून काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर लोळवून बघा, वाकलेला पोस्ट लगेच डुगडुगतो. वाकलेला ॲल्युमिनियमचा पोस्ट सरळ करून वापरायचा नसतो, भंगारात द्यायचा.

सीट खरंच एवढी वर हवी आहे का

लचकीवर सगळ्यात जास्त हुकमत आहे ती उघड्या लांबीची, म्हणजे कॉलरपासून सीटच्या पकडीपर्यंतच्या अंतराची. पोस्ट एकूण किती लांब आहे याला महत्त्व नाही. वाकणं या उघड्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. उदाहरण घ्या: २७.२ मिलिमीटर व्यासाचा, २.२ मिलिमीटर जाड भिंतीचा ॲल्युमिनियमचा पोस्ट, सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, आणि सीटवर साधारण ४५ किलो भार (७५ किलोच्या माणसाचं बाकीचं वजन हातापायांवर जातं). यातला आडवा घटक सुमारे १३ किलो. उघडी लांबी ३० सेंटिमीटर असेल तर पोस्ट जेमतेम सव्वा मिलिमीटर वाकतो. ४० सेंटिमीटर केली की जवळजवळ तीन. लांबी तिसऱ्या हिश्श्याने वाढली आणि लचक दुपटीच्या वर गेली. रस्त्यावरच्या खड्ड्यात हा आकडा आणखी उसळतो, ते वेगळंच.

हिशेबाची ही बाजू तुमच्या फायद्याचीही आहे. ३५ सेंटिमीटरवरून दोन सेंटिमीटर खाली आलात तरी लचक सुमारे सोळा टक्क्यांनी उतरते, तेही फुकटात.

म्हणून सीटची उंची तपासा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाडसर पुस्तक घट्ट वर दाबून धरा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर आले तर ७०.६. क्रँकच्या (पायडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सीट ट्यूबच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. ही सुरुवात आहे, शेवटचा शब्द नाही, पण तुमची सीट याच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर असेल तर तक्रारीचं मूळ तिथेच आहे. सीट जास्त उंच असली की पायडल तळाशी जाताना कंबर डावी-उजवी झुकते, सीट प्रत्येक फेरीत रेटली जाते, आणि दोष पोस्टला लागतो. दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरून पुढचा चढ हलक्या गिअरवर बसून काढणाऱ्याच्या मागे राहून बघा: कंबर झुलत असेल तर सीट खाली घ्यायला सांगा, नवा पोस्ट घ्यायला नाही.

पोस्टला टांगलेली पिशवीही अशीच फसवते. सीटखाली लटकवलेल्या लांबुळक्या पिशवीत चार-पाच किलो सामान भरलं की तिच्या झोक्याने सीट हलते. पोस्टलाच आवळून बसणारा कॅरिअर असेल तर तसंच. पिशवी काढून एक फेरी मारा. फरक पडला तर सामान फ्रेमला बोल्टने बसणाऱ्या कॅरिअरवर न्या.

ढिलाई काढायची

पोस्ट फ्रेममध्ये दोन जागी धरला जातो: वर कॉलरपाशी, आणि खाली जिथे त्याचं टोक सीट ट्यूबला आतून टेकतं तिथे. वरची पकड सगळे बघतात, खालच्या टोकाकडे कुणाचं लक्ष नसतं. समजा पोस्ट १० सेंटिमीटर आत आहे, ४० सेंटिमीटर बाहेर, आणि खालच्या टोकाला ०.३ मिलिमीटर खेळ आहे. तरफेच्या हिशेबाने वर सीटपाशी तो चौपट, म्हणजे १.२ मिलिमीटर होतो. हाच पोस्ट २० सेंटिमीटर आत असता तर खेळ ०.६ वर आला असता. म्हणून सीट त्याच उंचीवर ठेवून आधीपेक्षा लांब पोस्ट घेणं हा उलटा वाटणारा पण खरा उपाय आहे: जास्तीची लांबी फ्रेमच्या आत जाते आणि पोस्ट नीट रोवला जातो.

आत किती हवा याची खूण पोस्टवर कोरलेली असते. सायकलच्या सुरक्षेच्या आयएसओ ४२१० या मानकाप्रमाणे ती पोस्टच्या तळापासून व्यासाच्या किमान दुपटीवर असते, म्हणजे २७.२ च्या पोस्टला ५४.४ मिलिमीटर. हे अगदी किमान झालं. प्रत्यक्षात पोस्टचं टोक आडव्या पाइपाच्या जोडाच्या खालीपर्यंत पोचायलाच हवं, नाहीतर सगळा ताण सीट ट्यूबच्या वरच्या बोडक्या तुकड्यावर येतो. लेडीज फ्रेममध्ये तो जोड बराच खाली असतो, म्हणून तिथे तर जितका आत जाईल तितका बरा. खूण कॉलरच्या वर दिसत असेल तर ती सायकल चालवू नका, मग बाकी लेख वाचायचीही घाई नाही.

आता माप. सीटपोस्टचे व्यास ०.२ मिलिमीटरच्या फरकाने मिळतात: २६.८, २७.०, २७.२ असे. त्यांचा नेमका आकडा पोस्टच्या खालच्या टोकाजवळ कोरलेला असतो. २७.२ च्या फ्रेममध्ये २७.० चा पोस्ट घालून कॉलर आवळली तर वरचं तोंड पिळवटून तो धरतो, खाली मात्र लटकत राहतो. दुकानात ‘चालतंय, घाला’ म्हणून दिलेला पोस्ट बहुधा या जातीचा असतो. फ्रेमचं आतलं माप घेताना व्हर्नियरचे आतले जबडे फ्रेमच्या तोंडाच्या उभ्या खाचेपासून लांब, दोन दिशांनी लावा. दोन आकड्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर तोंड अंडाकृती झालंय आणि ते लेथवाल्याकडून आतून साफ करून घ्यावं लागेल.

फरक ०.२ मिलिमीटर असेल तर घरचा उपाय आहे. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, एक वेढा मारला की व्यास ०.२ ने वाढतो. कॅनची दोन्ही तोंडं कापून पत्रा सपाट करा. २७ मिलिमीटरच्या पोस्टचा घेर ८४.८ भरतो, म्हणून पट्टी ८३ मिलिमीटर रुंद कापा म्हणजे कडा एकमेकींवर चढणार नाहीत. उंची ९० ठेवा. वरच्या कडेला दहा मिलिमीटरच्या तीन-चार जिभा कापून बाहेर मुडपा. या जिभा फ्रेमच्या ओठावर बसतात, नाहीतर पट्टी पोस्टबरोबर आत घसरते आणि मग ती काढायला सायकल उलटी करून आपटत बसावं लागतं. कडा पॉलिश पेपरने मोडून घ्या, हात कापतो. पट्टीची फट फ्रेमच्या खाचेसमोर आणा, कॉलरची खाच मात्र फ्रेमच्या खाचेच्या विरुद्ध बाजूला. पितळेचा पत्रा लेथवाल्याकडे सहज मिळतो आणि तो तुम्हाला तोच देऊ करील. समुद्राजवळ तो टाळा, पितळ आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम पोखरलं जातं.

फरक ०.४ च्या वर असेल तर पत्र्याचे वेढे चढवत बसू नका. बरोबर मापाचा पोस्ट आणा.

फोल्डिंग सायकलच्या सीट ट्यूबमध्ये प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे आतलं अस्तर, असतो. रोज पोस्ट वर-खाली होतो, त्यात जांभ्याची लाल धूळ शिरते आणि ती पॉलिश पेपरसारखी बुश घासते. पोस्टवर उभे चकचकीत चरे दिसले की बुश काढून बघा. झिजला असेल तर त्याच मॉडेलचा नवा घाला. या सायकलींची ‘लचक’ निम्म्या वेळी एवढ्यावरच मिटते.

कॉलर आवळायची किती? आकडा कॉलरवर छापलेला असतो. नसेल तर ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर हुकाचा स्प्रिंगकाटा चालतो, मासळी तोलायचा असतो तोच. ५ न्यूटन-मीटर म्हणजे बोल्टच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर साधारण पाच किलोची ओढ. एलन कीची लांब बाजू मोजा. ती ८ सेंटिमीटर भरली तर टोकाला काटा अडकवून, कीला काटकोनात, सव्वासहा-साडेसहा किलो दिसेपर्यंत ओढा. मासे तोलताना होतो तेवढाच नेम पुरे. त्याहून जास्त आवळून पोस्ट थांबत असेल तर दोष मापात आहे, जोरात नाही. क्विक रिलीजची कळ असेल तर ती अर्ध्या वाटेवर हाताला लागायला हवी आणि पूर्ण बंद करताना तळहातावर वळ उमटायला हवा.

जाड पोस्ट

ढिलाई गेली, उंची बरोबर झाली, तरी कामटी पाच मिलिमीटर दाखवतेय. मग पोस्ट खरोखर लवचिक आहे.

आधी बघा की फ्रेम जाड पोस्ट घेऊ शकते का. ३१.६ च्या फ्रेममध्ये शिम (फट भरणारी मधली नळी) घालून २७.२ चा पोस्ट बसवून दिलेल्या सायकली सर्रास सापडतात, कारण २७.२ चा माल दुकानात पडून असतो. कॉलरपाशी पोस्ट आणि फ्रेममध्ये दोन मिलिमीटरची अंगठी दिसली तर ती शिमच. ती काढून पूर्ण मापाचा पोस्ट घाला. भिंतीची जाडी तीच राहिली तरी ३१.६ चा पोस्ट २७.२ पेक्षा १.६ पट ताठ असतो. काही फोल्डिंग सायकलींचा ३३.९ चा पोस्ट दुप्पट. वरच्या उदाहरणातली तीन मिलिमीटरची लचक त्यांच्यावर अनुक्रमे १.८ आणि जेमतेम दीडवर येते.

फ्रेमच २७.२ ची असेल तर व्यास वाढवता येत नाही. भिंत बघा. खालच्या टोकाला व्हर्नियर लावला की कळते. १.५ मिलिमीटरची भिंत २.२ च्या तुलनेत पाव हिश्श्याने कमी ताठ असते. हलका म्हणून महाग विकलेला पोस्ट लांब काढून वापरायच्या कामाचा नाही. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं, त्यामुळे साध्या सायकलचा २५.४ चा, १.६ मिलिमीटर भिंतीचा पोलादी पोस्टसुद्धा २७.२ च्या ॲल्युमिनियमला मागे टाकतो. फक्त त्याचं डोकं बघून घ्या. जुन्या धाटणीच्या पोस्टची मान वर निमुळती होऊन २२.२ मिलिमीटरची होते आणि सीटचा क्लिप तिच्यावर बसतो. ती मान पायरीपाशी वाकते. सीट क्लिपसह पार खाली, पायरीला टेकेपर्यंत बसवा.

मागे झुकलेल्या डोक्याचा पोस्ट असेल तर सरळ डोक्याचा बघायला हरकत नाही, आणि सीट रुळांच्या मध्यावर पकडा. सीट टोकापर्यंत मागे सारली की भाराचा हात वाढतो. पण गुडघ्याची बैठक बिघडवून लचक कमी करू नका.

आणि थोडी लचक राहू द्या. गावातल्या जांभ्याच्या रस्त्यावर २७.२ चा पोस्ट जो मऊपणा देतो त्यासाठी लोक मुद्दाम कार्बनचे पोस्ट विकत घेतात. पार ताठ पोस्ट म्हणजे प्रत्येक दगड थेट माकडहाडाला.

आत नळी बसवणं

हे शेवटचं काम, आणि फक्त सरळ, चीर नसलेल्या ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी पोस्टवर करायचं. कार्बन, सस्पेन्शन किंवा वर-खाली होणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर हा भाग सोडा.

पहिली सूचना लाकडाच्या दांड्याची येते. सुतार सागाचा गोल दांडा तासून देतो, तो ठोकून आत बसतो, सायकल दोन दिवस गप्प राहते. पण लाकूड ॲल्युमिनियमच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकंच ताठ असतं. २७.२ च्या पोस्टचं पोट पूर्ण भरलं तरी ताठरपणा वाढतो सुमारे पंधरा टक्के. आवाज कमी होतो, म्हणून लोकांना फरक पडल्यासारखा वाटतो. जूनमध्ये ते लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि आतच कुजतं. सिमेंट किंवा एम-सील भरणं याच्याही खालचं.

पोलादी नळी मात्र काम करते. २७.२ च्या, २.२ भिंतीच्या पोस्टचं आतलं माप २२.८ येतं. त्यात २२.२ मिलिमीटरची (लोखंडवाल्याच्या भाषेत सात सूत), १.६ भिंतीची म्हणजे सोळा गेजची नळी सर्व बाजूंनी ०.३ मिलिमीटर फट ठेवून जाते. चिकटवण्यासाठी ही फट नेमकी हवी तेवढी आहे. हिशेबाने पोस्टचा ताठरपणा दुपटीच्या थोडा वर जातो, ३८ सेंटिमीटरच्या नळीने वजन सुमारे ३०० ग्रॅमने वाढतं.

कृती अशी. पोस्ट काढा, आतून टॉर्च मारा. पुष्कळ पोस्ट वरच्या टोकाला आतून जाड किंवा बंद असतात. नळी किती आत जाईल ते कामटी घालून मोजा. नळीची लांबी डोक्याच्या खालपासून पोस्टच्या तळापर्यंत ठेवा. तेवढी जमली नाही तर खालचं टोक कॉलरच्या निदान ५० मिलिमीटर खाली उतरलं पाहिजे. नळी कॉलरच्या वरच संपवली तर तिच्या टोकापाशी, जिथे ताण जास्तीत जास्त असतो तिथेच पोस्ट अचानक मऊ होतो आणि तिथेच तुटतो. हीच या कामातली मोठी चूक आहे. नळीची दोन्ही टोकं बाहेरून कानसीने उतरती करून घ्या.

नळी कोरडी घालून बघा. हाताने सरकायला हवी, हातोडी लागत असेल तर बारीक नळी घ्या. मग नळी बाहेरून आणि पोस्ट आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, काठीला पेपर गुंडाळला की आत पोचतो. थिनरने पुसून सुकवा. हळू सुकणारं ॲरल्डाइट घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, नळी अर्धी आत असतानाच ते धरतं. फट भरायला आठ मिलिलीटर पुरतात. सांडलवंड धरून पंधरा ग्रॅम कालवा. नळीवर सगळीकडे थर द्या, थोडं पोस्टच्या तोंडात आतून लावा, आणि नळी फिरवत फिरवत आत ढकला. फिरवली नाही तर चिकटा एका बाजूला गोळा होतो. बाहेर आलेला लगेच पुसा, विशेषतः पोस्टच्या बाहेरच्या अंगावरचा. उभा ठेवून २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात हे काम काढायचंच असेल तर कोरड्या खोलीत करा आणि दोन दिवस द्या. हा चिकटा नुसता धरत नाही, तो पोलाद आणि ॲल्युमिनियम यांना एकमेकांपासून वेगळंही ठेवतो, म्हणून थर कुठे कोरडा राहता कामा नये.

नळी बसवली म्हणून किमान खोलीची खूण वर सरकत नाही. भाराची मर्यादाही वाढत नाही. बऱ्याच फोल्डिंग सायकलींवर ती १०५ ते ११० किलो असते, सामान धरून.

खारी हवा

पोलादी फ्रेम, ॲल्युमिनियमचा पोस्ट आणि मिठाचं दमट वारं या तिघांची गाठ पडली की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि पोस्ट फ्रेममध्ये जाम होतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत एक पावसाळा पुरतो. म्हणून एवढं सगळं करून पोस्ट बसवताना फ्रेमच्या आत आणि पोस्टच्या आत जाणाऱ्या भागावर ग्रीसचा पातळ सलग थर लावा. कॅल्शियम ग्रीस पाण्याने धुपत नाही. मिरकरवाड्याला, हर्णैला बोटींच्या इंजिनाचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. कार्बनचा पोस्ट असेल तर ग्रीस नाही, कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट. ग्रीसने लांब पोस्ट घसरेल ही भीती खोटी आहे, माप बरोबर असेल तर घसरत नाही.

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांतून एकदा पोस्ट पूर्ण काढून पुसा आणि पुन्हा ग्रीस लावा. त्याच वेळी सायकल उलटी करून सीट ट्यूबमधलं पाणी काढा. फ्रेमची खाच मागे असते आणि मागच्या चाकाचं पाणी थेट तिच्यात जातं. जुन्या ट्यूबचा चार इंची तुकडा पोस्टवरून कॉलरपर्यंत ओढून घातला की ते थांबतं.

आधीच जाम झाला असेल तर कॉलर काढून टाका, सांध्यात गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा घाला. मग सीट दोन्ही हातांनी धरून फिरवायचा प्रयत्न करा, वर ओढायचा नाही. हलला नाही तर पोस्टभोवती बर्फ बांधा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. बर्फ मासळीच्या धक्क्यावर हवा तेवढा मिळतो. फ्रेमवर ब्लोलॅम्प मारायला कुणी निघालं तर रंग आणि फ्रेम दोन्ही जातील.

पोस्ट पुसताना कॉलरच्या रेषेत आणि डोक्याच्या खाली नखाने फिरून बघा. नख अडकलं, किंवा केसासारखी काळी रेघ दिसली आणि ती पुसून जात नाही, तर पोस्ट संपला. ॲल्युमिनियम बहुधा वाकून इशारा देत नाही, चीर लपवून ठेवतं आणि एका खड्ड्यात तुटतं. उंचीची खूण करायला म्हणूनच पोस्टवर करवतीने किंवा खिळ्याने ओरखडा काढू नका, चीर तिथून सुरू होते. नेलपॉलिशची एक रेघ पुरे. नवा पोस्ट, नवी शिम किंवा नळी, काहीही बदललं असेल तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्प्रिंगकाटा पुन्हा लावा, ग्रीस आणि पत्रा बसले की कॉलर थोडी सैल पडते.